देऊळ, बाजार आणि नंदादीप

काही ग्रंथांची नावे त्यांच्या प्रतिपादनाहून अधिक दूर जातात. एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाचा 'द कॅथीड्रल अँड द बझार' हा ग्रंथ त्यांपैकी एक होय. १९९७ च्या मे महिन्यात जर्मनीतील वुर्झबुर्ग येथील एका परिषदेत हा निबंध प्रथम वाचला गेला आणि १९९९ मध्ये त्याच विषयावरील इतर निबंधांसह तो पुस्तकरूपाने निघाला. त्याचा विषय मुक्त सॉफ्टवेअर हा आहे. संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीची मूळ संहिता जेथे कोणासही वाचता येते, दुरुस्त करता येते आणि दुसऱ्यास देता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. अशा आज्ञावल्या कोण लिहितो, कसा लिहितो आणि कशासाठी लिहितो, याचा विचार या ग्रंथात आहे. ग्रंथ आता जुना झाला. परंतु आमच्याकडे तो एका निराळ्याच वाटेने, देवळाच्या वाटेने आला, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही अफजलपूरला वकिली करतो. भीमेच्या काठचा हा तालुका. कानडी बोलणारा, मराठी जाणणारा, आणि कोर्टकचेरीच्या भाषेत निजामी अमदानीतील उर्दू शब्द अजून वागविणारा. भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर याच तालुक्यात असल्यामुळे देवस्थानांचे व देणग्यांचे प्रश्न आमच्या कार्यालयात नेहमी येतात. गेल्या वर्षी एका लहानशा देवळाच्या समितीची मंडळी आली. गावचाच एक तरुण पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने समितीपुढे असा विचार मांडला होता की, देवळाची देणगी-वही ज्या आज्ञावलीवर लिहिली जाते ती मुक्त आहे आणि तिच्यापायी आपण आजवर एक पैसाही दिलेला नाही. तेव्हा उत्सवाच्या शिलकीतून पाच हजार रुपये तिचा सांभाळ करणाऱ्या संस्थेस पाठवावेत. समितीत दोन तट पडले. ज्येष्ठ विश्वस्त आम्हांस म्हणाले, "वकीलसाहेब, जे फुकट मिळते त्याला पैसे कशाला? आणि देवाचा पैसा परमुलखात धाडायला आमचे मन घेत नाही." तरुणाने उत्तरादाखल रेमंडचे पुस्तक आमच्या टेबलावर ठेवले. आम्ही ते दोन रात्री जागून वाचले. वाचून झाल्यावर आमचे मत असे झाले की, त्या तरुणाची बाजू न्याय्य आहे. परंतु त्याने पुरावा म्हणून दाखल केलेला ग्रंथच त्या बाजूस पुरा पडत नाही.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगितले पाहिजेत. रेमंड यांनी बांधणीच्या दोन रीती कल्पिल्या आहेत. पहिली कॅथीड्रलची, म्हणजे ख्रिस्ती महामंदिराची: मोजके कुशल कारागीर आडोशाला बसून काम करतात आणि वास्तू पुरी होईपर्यंत कोणास दाखवीत नाहीत. दुसरी बाजाराची: कोणीही यावे, अर्धवट काम पाहावे, दोष दाखवावा, जमल्यास हात लावावा. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली या दुसऱ्या रीतीने वाढली, आणि वाढता वाढता तिने मोठमोठ्या कंपन्यांच्या आज्ञावल्यांस मागे टाकले. हे कसे घडले, ते रेमंड यांनी नुसते पाहिले नाही. टपाल आणून देणारी एक आज्ञावली स्वतः त्याच रीतीने चालवून त्यांनी त्याचा पडताळा घेतला. पुष्कळ डोळे पाहू लागले की कोणताही दोष फार काळ खोल दडून राहू शकत नाही, असा सिद्धांत त्यांनी टोरव्हाल्ड्स यांच्या नावाने मांडला. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची संहिता जगास खुली केली, त्या निर्णयामागे या निबंधाचा हात होता. स्वतः केलेल्या कामाविषयी लिहिणाऱ्याच्या लेखणीस जो ठामपणा येतो, तो येथे पानोपानी आहे. भाषा चपळ आहे आणि लेखकास वाचकाचे भय नाही.

मराठीत 'कॅथीड्रल'ला 'देऊळ' म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आमच्याकडे देऊळ आणि बाजार यांचे वैर नाही. गाणगापुरास ज्याने एक दिवस काढला आहे त्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे. आत निर्गुण पादुका, बाहेर पेठ, संगमावर स्नानाची गर्दी, औदुंबराखाली पारायणास बसलेले लोक आणि दुपारी माधुकरीची झोळी घेऊन दारोदार फिरणारे यात्रेकरू. यांत देऊळ कोठे संपले आणि बाजार कोठे सुरू झाला हे सांगणे कठीण. रेमंड यांचा सारा भेद 'कोणी बांधले आणि कसे बांधले' एवढ्यापुरता आहे. बांधून झाल्यावर पहाटे उठून गाभारा कोणी झाडावा, नंदादीपात तेल कोणी घालावे, हा प्रश्न त्यांच्या रूपकात उद्भवतच नाही. आमच्या आक्षेपाचे मूळ येथे आहे.

ग्रंथातील दुसरा निबंध १९९८ चा. वकिली पेशाच्या वाचकास तो विशेष रुचेल. ज्या वस्तूची मालकी कोणीच सांगत नाही तेथेही मालकी असते, हे रेमंड यांनी त्यात दाखविले आहे. अशी आज्ञावली 'आपली' म्हणण्याचे तीन मार्ग ते सांगतात: ती स्वतः आरंभावी, पूर्वीच्या धन्याने ती विश्वासाने हाती द्यावी, अथवा बेवारस पडलेली पाहून, तशी वाच्यता करून, ती उचलावी. इंग्रजी कायद्यातील भूमिधारणेशी आणि लॉकच्या स्वामित्वविचाराशी याची जुळणी करून दाखविताना लेखकाने चांगली मार्मिकता प्रकट केली आहे. पुढे ते म्हणतात की, हा समाज दातृत्वाचा समाज आहे. येथे ज्याने अधिक दिले त्याची प्रतिष्ठा अधिक, आणि ही प्रतिष्ठा हेच कामाचे वेतन.

येथे आमच्या वाचकांस म. म. पांडुरंग वामन काणे यांचे स्मरण व्हावे. काणेही वकीलच. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडात त्यांनी प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांचा विचार केला आहे. दान आणि उत्सर्ग यांत आपल्या शास्त्रकारांनी सूक्ष्म भेद मानला. दानास घेणारा लागतो; त्याने स्वीकार केल्याविना दान पुरे होत नाही. विहीर, तळे, धर्मशाळा यांचा मात्र उत्सर्ग होतो. करणारा आपले स्वामित्व सोडतो आणि वस्तू सर्वांस अर्पण करतो. घेणारा असा कोणी एक नसतो. मग सर्वांबरोबर त्यानेही त्या विहिरीचे पाणी प्यावे, पण धनी म्हणून पिऊ नये. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जी चळवळ पुकारली आणि १९८९ मध्ये जिला सार्वजनिक परवान्याचे कायदेशीर रूप दिले, ती या उत्सर्गाच्या फार जवळ आहे. किंबहुना त्या परवान्याने एक पाऊल पुढे टाकले: जो या विहिरीचे पाणी आपल्या हौदात घेऊन त्यात भर घालील आणि तो हौद दुसऱ्यास देईल, त्याने तो कुलूप न लावता दिला पाहिजे. देवतेस अर्पण केलेली मिळकत पुजाऱ्यासही आपली म्हणून विकता येत नाही, आणि देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, हे १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या दाव्यात स्पष्ट केले. मुक्त आज्ञावलीस असे मूर्तिमंत दैवत नाही. परवाना हेच तिचे दैवत. रेमंड यांचा समाज आम्हांस परका वाटला नाही, तो यामुळे.

परंतु उत्सर्ग करून शास्त्रकार थांबले नाहीत. इष्टापूर्तातील 'पूर्त' कर्मांत तळे खोदणे जसे आहे, तसा जीर्णोद्धारही आहे. आणि पडक्याची दुरुस्ती करणाऱ्याचे पुण्य नवे बांधणाऱ्याहून अधिक मानण्याची आपली परंपरा आहे. त्यामागे मनुष्यस्वभावाचे पक्के ज्ञान असावे. नव्या तळ्याला नाव लागते. गाळ काढणाऱ्याचे नाव कोणी कोरीत नाही. जेथे कीर्ती जात नाही तेथे माणसाने जावे म्हणून शास्त्राने पुण्याचे माप तिकडे झुकते धरले. रेमंड यांच्या दातृत्वाच्या समाजात असे झुकते माप नाही. तेथे प्रतिष्ठा हेच वेतन. आणि प्रतिष्ठा जशी मंडपात बसणाऱ्यास मिळते तशी मोरी साफ करणाऱ्यास मिळत नाही.

रेमंड यांस पैशाचा प्रश्न सुचला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९९ च्या तिसऱ्या निबंधात त्यांनी त्यालाच हात घातला आहे. सामायिक कुरण अतिचराईने उजाड होते, हा अर्थशास्त्रातील प्रसिद्ध दृष्टांत. त्यावर रेमंड सांगतात की, या कुरणाचा न्याय उलटा आहे. जितके चरावे तितके गवत येथे वाढते, कारण वापरणाऱ्यांतूनच नवे कारागीर निपजतात. कंपन्यांनी कशा कशा मार्गांनी अशा कामास द्रव्य पुरवावे, याचीही यादी ते देतात. दृष्टांत सुरेख आहे. त्यात एक प्राणी मात्र राहून गेला. गवत वाढते हे खरे. पण गुराखी वाढत नाही, तो म्हातारा होतो. हजार गुरे अधिक आली की त्याच्या मागे हजार खेपा अधिक लागतात. आज्ञावलीची प्रत काढावयास खर्च नाही. तिच्याविषयी आलेले पत्र वाचावयास मात्र एका माणसाचा एक तास लागतो, आणि तो तास कोठल्याही कुरणात उगवत नाही.

हे आम्ही तर्काने बोलत नाही. ग्रंथ निघाल्यानंतरच्या काळाने तीन साक्षी दिल्या आहेत.

पहिली साक्ष ओपन-एसएसएलची. बँकेचे व्यवहार, पत्रे, परवलीचे शब्द हे सारे तारेवरून जाताना गुप्त ठेवण्याचे काम जगातील संकेतस्थळांच्या फार मोठ्या भागात ही आज्ञावली करते. २०१२ च्या मार्चमध्ये निघालेल्या तिच्या आवृत्तीत एक दोष शिरला आणि तो २०१४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, कोणास दिसला नाही. 'हार्टब्लीड' या नावाने तो पुढे कुप्रसिद्ध झाला. संहिता उघडी होती, पाहण्यास कोणाची मनाई नव्हती, पुष्कळ डोळ्यांचा सिद्धांत शाबूत होता, डोळेच नव्हते. चौकशीत निघाले की, साऱ्या जगाचे कुलूप सांभाळणाऱ्या या कामास वर्षाकाठी देणगी येई ती सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ त्यावर राबणारा मनुष्य एकच. अनर्थ घडल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. घर जळाल्यावर विहीर खणण्याची म्हण इंटरनेटच्या युगातही खोटी ठरली नाही.

दुसरी साक्ष जर्मनीतील व्हेर्नर कोख यांची. पत्रे कुलूपबंद करण्याची जीएनयू प्रायव्हसी गार्ड ही आज्ञावली ते १९९७ पासून लिहीत व सांभाळीत आले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांशी गुप्त पत्रव्यवहार केला तो तिच्याच आधाराने. तिच्यावर इतके विसंबलेले असताना २००१ पासून कोख यांची वार्षिक प्राप्ती सरासरी २५,००० डॉलरच्या आसपास होती, आणि संसार चालविण्याकरिता ते हे काम सोडण्याच्या विचारात होते. २०१५ च्या फेब्रुवारीत एका वृत्तसंस्थेने ही हकीकत छापली आणि फार थोड्या काळात १,३७,००० डॉलरचे त्यांचे उद्दिष्ट पुरे झाले. लोकांस द्यावयाचे नव्हते असे नव्हे. दिवा तेलावर जळतो हेच कोणास ठाऊक नव्हते. देणगीचा सगळ्यात मोठा शत्रू कृपणता आहे असे आपण समजतो. तो पुष्कळदा विस्मरण असतो.

तिसरी साक्ष सर्वांत गंभीर आहे आणि ती थेट रेमंड यांच्या दुसऱ्या निबंधावर येऊन आदळते. एक्सझेड नावाची, माहिती दाबून लहान करणारी, कोणाच्या ध्यानीमनी नसलेली एक आज्ञावली एक मनुष्य फावल्या वेळात, विनावेतन सांभाळीत होता. तो थकला होता, प्रकृतीनेही साथ दिली नव्हती. २०२१ पासून एक साह्यकर्ता नियमाने हातभार लावू लागला. त्याच सुमारास इतर काही अनोळखी नावे त्या थकलेल्या माणसास पत्रांतून टोचू लागली की, तुमच्याने होत नसेल तर दुसऱ्यास द्या. त्याने विश्वासाने कारभारात वाटा दिला. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या साह्यकर्त्याने संहितेत चोरदार बसविले. ज्या ज्या यंत्रांवर ते पोहोचले असते त्यांत शिरावयास त्यास परवानगीची गरज उरली नसती. ते उघडकीस आणले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, २९ मार्च २०२४ रोजी. आणि तेही एका कामास अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्या बारीक शंकेवरून. 'पूर्वीच्या धन्याने विश्वासाने हाती द्यावे' हा रेमंड यांचा दुसरा मार्ग येथे अक्षरशः पाळला गेला. हस्तांतर रीतसर होते. संमती उपाशी होती. थकलेल्या, एकाकी माणसाच्या संमतीस कायदा मोकळी संमती म्हणावयास कचरतो. रेमंड यांच्या मालकीच्या विवेचनात हा विचार नाही.

यावर ग्रंथकाराचा पक्ष घेणारा म्हणेल: चोरदार सापडले ते बाहेरच्या डोळ्यासच ना? संहिता मिटलेली असती तर ते कधीच सापडले नसते. हे आम्हांस मान्य आहे. तो असेही म्हणेल की, नुसत्या पैशाने सावधपणा विकत मिळत नाही; पगारी लोकांच्या बंदिस्त कंपन्यांतही दोष राहतात. हेही मान्य. रेमंड यांचा सिद्धांत आम्ही खोटा म्हणत नाही, अपुरा म्हणतो. पुष्कळ डोळे हवेत हे खरे. परंतु यात्रेस आलेल्या लाखांतून समईची वात सरली आहे हे ज्याच्या लक्षात येते तो बहुधा रोज तेथे असणाराच असतो. त्याचे रोज असणे हे कोणाच्या तरी खर्चाने चालले पाहिजे.

आता हा दिवा आपल्या घरात कोठे जळतो ते पाहू. वाचकांच्या हाती जे मासिक आहे ते मराठी आणि कोंकणी अशा दोन भाषांत निघते. दोहोंची अक्षरे देवनागरी. 'कि' हे अक्षर संगणकाच्या स्मृतीत आधी क आणि मग वेलांटी असे असते, पण दाखविताना वेलांटी आधी यावी लागते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील रकार निराळा पाहिजे. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून वेगळा पाहिजे. ही जुळणी फायरफॉक्स, क्रोम, लिबर-ऑफिस आणि अँड्रॉइड दूरध्वनी यांत हार्फबझ नावाची एक मुक्त आज्ञावली करते, आणि तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फहबोद हे मूळ इराणचे. आमच्या 'ऱ्य'ची काळजी एका इराणी माणसाने वाहिली! 'लोहित' हा टंक रेड हॅट कंपनीने मुक्त केला. २०११ पासून तो खुल्या टंक-परवान्यावर उपलब्ध आहे आणि त्याची देखभाल पुण्यात होत आली. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्यावर खुला केला. त्यातून कोंकणी विकिपीडियास बळ आले. तो विकिपीडिया ज्या मुक्त आज्ञावलीवर चालतो तिचा योगक्षेम जगभरच्या लहान लहान देणग्यांवर चालतो. या पंगतीत आम्ही वीस वर्षे जेवलो आहोत. पत्रावळ उचलण्याची पाळी आली तेव्हा मात्र 'फुकटच तर होते' असे म्हणालो.

देणाऱ्यांत आपले लोक अगदीच नाहीत असे नाही. बंगळूरच्या झिरोधा या दलाली पेढीने २०२४ च्या ऑक्टोबरात दरवर्षी १० लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअरच्या कामांस देण्याचा निधी जाहीर केला, आणि तो जगातील कोणत्याही योग्य कामासाठी खुला ठेवला. ज्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन आपली पेढी उभी राहिली त्यांस काही परत द्यावे, हा त्यामागचा विचार. ही कृतज्ञता आम्हांस मोठी वाटते. पण एका धनाढ्याच्या महादानाने उरलेल्यांचे ऋण फिटत नाही, जसे एका सावकाराने कळस चढविल्याने गावच्या वर्गणीची गरज संपत नाही.

आमच्या मंडळींत हा विषय निघाला की कोणीतरी माधुकरीचा दाखला देतो, आणि तो गोडही वाटतो. भुंगा जसा फुलास न दुखविता थोडे थोडे घेतो, तसे हजारांनी थोडे थोडे द्यावे. गाणगापुरास दुपारी दाराशी आलेल्या झोळीमागे दत्तगुरू असू शकतात, या श्रद्धेने तेथील घरे शतकानुशतके पदर आखडत नाहीत. देण्याच्या रीतीपुरता हा दाखला आम्ही शिरोधार्य मानतो. परंतु घेणाऱ्यास तो लावताना जपले पाहिजे. माधुकरी ही विरक्ताची वृत्ती आहे. मुक्त आज्ञावली सांभाळणारा प्रापंचिक असतो. त्यास घरभाडे आहे, मुलाची फी आहे, आईचे औषध आहे. त्याने न मागता संन्यासपद बहाल करून त्याच्या त्यागाचे गोडवे गाणे हा आपली वर्गणी चुकविण्याचा संभावित मार्ग होय. देवळाचा गुरवही भक्तीनेच पूजा करतो. म्हणून कोणत्याही शहाण्या पूर्वजाने त्याचे इनाम काढून घेतले नाही. उलट, भक्तीस पोटाची चिंता लागू नये म्हणून ते दिले. 'मुक्त' म्हणजे 'मोफत' हा अर्थ स्टॉलमन यांच्याही मनात नव्हता. आरंभीच्या काळात ते आपली आज्ञावली फितीवर उतरवून १५० डॉलरला विकीत आणि त्यावर निर्वाह करीत. मोकळीक दिली म्हणून मोबदला सोडला असे होत नाही.

समितीच्या प्रश्नास आम्ही काय उत्तर दिले ते सांगितले पाहिजे. नाहीतर ही समीक्षा पुस्तकातच राहील. कायद्याच्या बाजूने ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे निम्मे खरे होते. देवाचा पैसा विश्वस्तांचा नसतो. न्यासाच्या हेतूबाहेर तो खर्च करणे म्हणजे हेतू कितीही उदात्त असला तरी विश्वासभंग होतो, आणि उद्या दोन भक्त दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमाखाली कोर्टात गेले तर त्यांस उत्तर देणे कठीण. परदेशी संस्थेस दिलेल्या देणगीवर एरवी धर्मादाय देणगीस मिळणारी आयकराची सवलतही मिळत नाही. मात्र 'हे दानच नव्हे' हे त्यांचे म्हणणे चूक होते. १८९० च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्यापासून आपल्या विधिमंडळांनी गरिबांचे साह्य, शिक्षण व औषधोपचार यांच्या पंक्तीस सार्वजनिक उपयोगाचे अन्य कोणतेही काम बसविले आहे. लक्षावधी लोक ज्यावरून रोज चालतात तो पूल जर सार्वजनिक उपयोगाचा, तर लक्षावधी पत्रे ज्यावरून रोज जातात ती आज्ञावली का नव्हे? म्हणून आम्ही सांगितले: देवाच्या शिलकीस हात लावू नका. देवळात वापरात असलेल्या वस्तूच्या देखभालीचा, ती शिकविण्याचा वा दुरुस्त करण्याचा वाजवी मोबदला तिचे जाणते असतील त्यांस द्या. तो कारभाराचाच खर्च आहे, दिव्याच्या तेलासारखा. आणि दान द्यावयाचे असेल तर ते आपल्या खिशातून द्या.

ज्येष्ठ विश्वस्त थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विहीर फुकट, पण दोराचे पैसे लागतात म्हणा की." आमच्या दोन पृष्ठांच्या मतपत्राचा इतका नेमका सारांश आम्हांस जमला नसता. निघताना त्यांनी स्वतःच्या कोपरीतून पाचशे रुपये काढून तरुणाच्या हाती ठेवले आणि पावती कोणाच्या नावे पाहिजे असे विचारता "देवाच्या" असे सांगितले. तरुण म्हणाला, "अण्णा, तिथं देवाचं नाव चालायचं नाही." "मग नावच नको," अण्णा म्हणाले.

गुप्तदानाची ही सहज रीत पाहताना आम्हांस आमची लाज वाटली. या लेखाचा प्रत्येक शब्द आम्ही ज्या मुक्त आज्ञावलीवर, ज्या मुक्त टंकात लिहीत आहो, त्यांपायी आम्ही त्या दिवसापर्यंत एक कवडीही दिलेली नव्हती. वर्षानुवर्षे आम्ही दुसऱ्यांच्या देणग्यांचे दस्तऐवज त्यावर लिहीत आलो! त्या संध्याकाळी ती उणीव आम्ही यथाशक्ति भरून काढली. आणि एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी दरमहा थोडी रक्कम ठरवून टाकली. नंदादीपाचा नेमच तसा असतो. तो महापूजेच्या दिवशी घागरभर तेल ओतून वर्षभर जळत नाही.

रेमंड यांचा ग्रंथ वाचावा असे आम्ही वाचकांस अवश्य सांगू. माणसे परस्परांस न ओळखता, करारावाचून, हुकुमावाचून एवढी मोठी वास्तू उभारू शकतात, ही त्यांनी सांगितलेली वार्ता शुभ आहे आणि ती खरी आहे. मात्र तो मिटताना एक प्रकरण आपण मनाने जोडून घ्यावे. बांधणाऱ्यांचा उत्साह त्या ग्रंथात पुरेपूर आहे. राखणाऱ्यांचा शीण त्यात नाही. तो शीण हलका करणे हे बांधणाऱ्यांचे काम नव्हे; ज्यांनी सावलीत विसावा घेतला त्यांचे, म्हणजे आमचे व तुमचे, ते काम आहे.